उभी गाडी बॅटरी का खाते?

रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून ती कशीबशी सुरू होते आणि दुपारी नेवासा फाट्यावरच्या गॅरेजात पोचते, तोवर सगळं ठाकठीक असतं. वायरमन बॅटरी बघतो, डायनामो बघतो आणि ‘काही नाही हो यात’ म्हणून परत पाठवतो. पुढचे आठ-दहा दिवस गाडी गुमान चालते. मग नेमकं नगरला दवाखान्यात निघायच्या वेळी पुन्हा नुसतं टक-टक. कुणी बॅटरी बदला म्हणतं, कुणी सेल्फ खोलायला लावतं, कुणी लिंबू-मिरची बांधायला सांगतं. लिंबू-मिरची जरूर बांधा, स्वस्त आहे. पण बॅटरीचे पाच-सहा हजार घालवण्याआधी थोडं थांबा.

अधूनमधून येणारा इलेक्ट्रिकल फॉल्ट ठरावीक परिस्थितीतच येतो. कधी पहाटेचं दव लागतं, कधी एखादं दार नीट न लागणं, कधी अडकलेला रिले, तर कधी किल्ली कुठे ठेवली यावरही सगळं ठरतं. ती परिस्थिती ओळखून त्या वेळी मोजमाप घेतलं, तर साध्या मल्टीमीटरवर घरच्या घरी बराच उलगडा होतो. नियम एकच: मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.

आधी वही, मग पाना

गाडीत एक छोटी वही ठेवा. गाडी बंद पडेल त्या दिवशी चार गोष्टी लिहा: किती तास उभी होती, कुठे उभी होती, हवा कशी होती आणि आदल्या दिवशी गाडीशी काय केलं होतं. वॉशिंग सेंटरला धुतली होती का? डिकीत खताच्या गोण्या टाकल्या होत्या का? मुलांनी मागे बसून गाणी लावली होती का? तीन-चार नोंदी झाल्या की बऱ्याचदा त्यातूनच सूत्र दिसतं. गाडी फक्त धुतल्यावरच बंद पडत असेल, तर पाणी शिरणारा कप्लर शोधायचा. दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहिली तरच बंद पडत असेल, तर कुठेतरी करंट झिरपतोय.

आपल्याकडे आणखी एक साधं कारण असतं. वस्तीवरची गाडी आठवडाभर शेडमध्ये उभी असते, कारण रोजची कामं मोटरसायकलवर होतात. मग बाजाराच्या दिवशी घोडेगाव किंवा सोनईपर्यंत एक चक्कर. सेल्फ मारताना गेलेला करंट एवढ्याशा अंतरात जेमतेम भरून येतो, आधीच उतरलेली बॅटरी पूर्ण चार्ज होणं तर दूरच. तिला भरायला तासभराचा तरी प्रवास लागतो, नाहीतर चार्जर. वहीत नुसत्या छोट्या चकरा दिसत असतील, तर फॉल्ट शोधण्याआधी बॅटरी एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्या.

सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांत

गाडी बंद सापडली की आपण लगेच ट्रॅक्टर लावतो आणि सगळा पुरावा पुसून टाकतो. जंप देण्याआधी बॉनेट उघडा आणि मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा. इथे एक बारकावा सांभाळायचा. मीटरच्या सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवायच्या, त्यांच्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही. मग दुसरं माप क्लॅम्पवर घ्यायचं.

खुंट्यांवर १२.५ व्होल्ट, क्लॅम्पवर मात्र कमी दिसतात आणि गाडी मेलेली आहे, याचा अर्थ बॅटरी भरलेली आहे, जोड सैल आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर धरलेला असतो, नाहीतर क्लॅम्प हाताने फिरतो. अशी गाडी बॉनेट आपटल्यावर किंवा टर्मिनलला हात लावल्यावर अचानक जिवंत होते आणि बॅटरीवर फुकटचा आळ येतो. खुंट्यांवरच ११.५ किंवा त्याहून कमी दिसलं, तर मात्र बॅटरी खरोखर उतरली आहे.

निवांत उभ्या गाडीचे आकडे लक्षात ठेवा: १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो, म्हणून माप रात्रभर उभी राहिल्यावरचंच धरा. इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवं. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी-जास्त करतात, त्यामुळे तिथे एका आकड्यावरून डायनामोला दोषी ठरवू नका.

बॅटरीला आधी निर्दोष ठरवा

झिरपणारा करंट शोधण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा आणि काही तासांनी व्होल्ट लिहून घ्या. दोन रात्रींनंतर पुन्हा मोजा. काहीही जोडलेलं नसताना आकडा १२.६ वरून १२.२ ला आला, तर दोष बॅटरीच्या पोटातच आहे. दुकानात लोड टेस्ट करून घ्या आणि वॉरंटी कार्ड शोधा. आकडा जागच्या जागी राहिला आणि गाडीला जोडल्यावर मात्र उतरतो, तर खाणारा गाडीत आहे.

बॅटरी म्हातारी झाली आहे का, हेही बघायला हवं. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापून तिचं आयुष्य घटतं, पण तिचा थकवा उघडा पडतो तो डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी, कारण थंडीत घट्ट झालेलं ऑइल फिरवायला सेल्फला जास्त जोर लागतो. मीटर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी व्होल्ट ९.६ च्या खाली जात असतील, तर बॅटरी तपासायला हवीच.

गाडीला झोपू द्या

बंद गाडीही थोडा करंट घेतेच. घड्याळ, रिमोट लॉक, अलार्म आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटची स्मृती यांना मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर लागतात. छोट्या पेट्रोल गाडीतली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी धरा. ४० मिलिअँपिअरने दिवसाला जेमतेम १ अँपिअर-अवर जातो, म्हणजे बॅटरी अर्धी व्हायला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. चिकटलेल्या एका रिलेच्या कॉइलने दीडशेच्या आसपास मिलिअँपिअर घेतले, तर अर्धी बॅटरी पाच दिवसांत संपते. डिकीतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला, तर दोन दिवसही लागत नाहीत. आणि ब्रेकचा स्विच अडकून मागचे २१ वॅटचे दोन्ही दिवे चालू राहिले, तर एका रात्रीत खेळ खलास. गाडी किती वेळात बंद पडते, यावरूनच चोर किती मोठा आहे याचा अंदाज येतो.

आता मोजणी. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि चकती डीसी अँपिअरवर ठेवा. मीटर बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि तिच्यावरून सोडवलेली काळी वायर यांच्या मधोमध जोडायचा. या सेटिंगवर मीटर कधीही बॅटरीच्या दोन खुंट्यांना थेट लावू नका, थेट शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज उडतो, कधी मीटरच जातो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत.

अधूनमधूनच्या फॉल्टसाठी यात एक मोठी मेख आहे. काळी वायर सोडवली की गाडीचा करंट क्षणभर तुटतो, चिकटलेला रिले सुटतो आणि फॉल्ट गायब होतो. म्हणून आधी चिमटे असलेली एक जाड वायर घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं काळ्या वायरच्या क्लॅम्पला लावा आणि मगच क्लॅम्प अलगद उचला. करंट या वायरमधून चालू राहतो. मीटर त्याच दोन जागी जोडा आणि शेवटी ती वायर काढा.

बॉनेट उघडंच राहील, पण दारांचं काय? उघड्या दारात स्क्रू-ड्रायव्हरने लॅच दाबून ‘लागलं’ अशा स्थितीत आणा, म्हणजे फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचतो आणि गाडीला दार बंद वाटतं. काम संपल्यावर लॅच सोडवूनच दार लावा, नाहीतर ते आपटून वाकतं. किल्ली बटण-स्टार्टची असेल, तर घरात नेऊन ठेवा. खिशात किल्ली घेऊन गाडीभोवती फिरलात, तर ती झोपणारच नाही. रोज रात्री पोर्चमधल्या गाडीजवळच्या खिळ्याला किल्ली टांगण्याची सवय असेल, तर तिथेच उत्तर सापडू शकतं.

आता थांबा. मीटर जोडल्याबरोबर २-३ अँपिअर दिसतील, मग आकडा टप्प्याटप्प्याने उतरेल: ०.८०, ०.३५, आणि शेवटी ०.०३. गाडीतले कंट्रोल युनिट एकेक करून झोपतात, त्याला १५ मिनिटांपासून तासभरही लागतो. पाचव्या मिनिटाला ०.३५ बघून ‘सापडला’ म्हणू नका. तासाभरानेही आकडा ०.१० च्या वर अडकलेला असेल, तर शोध सुरू करा.

फ्यूज न उपटता

जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा पडतो का बघायचं. नव्या गाडीत फ्यूज काढला-घातला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि गोंधळ वाढतो. त्याऐवजी ती जाड वायर पुन्हा लावून मीटर काढा, त्याची लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला आणि चकती मिलिव्होल्टवर घ्या. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यांवर दोन सुया टेकवा. फ्यूजमधून करंट वाहत नसेल तर ०.० दिसतं. वाहत असेल तर अगदी थोडा आकडा दिसतो. १० अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे मिलिअँपिअर. नेमका हिशोब फ्यूजच्या प्रकारानुसार बदलतो, पण आपल्याला शून्य आणि शून्य नसलेला एवढाच फरक हवा असतो.

असा फ्यूज सापडला की झाकणावरच्या नकाशात त्याच्यावर काय काय चालतं ते बघा. त्यातली एकेक वस्तू कप्लरमधून सोडवत गेलात की खाणारा सापडतो. आतल्या आणि बॉनेटखालच्या दोन्ही फ्यूज बॉक्सवर काहीच मिळालं नाही, तर फ्यूज नसलेल्या किंवा मोठ्या फ्यूजवरच्या जाड वायरींकडे वळा. डायनामोतला खराब डायोड रात्रभर बॅटरी उलटी रिकामी करू शकतो. ती तपासणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्या.

रात्रीचा पहारेकरी

फॉल्ट तुमच्यासमोर येतच नसेल तर? मीटर जोडलेला ठेवा, आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती आधी काढा आणि समोर जुना मोबाइल टाइमलॅप्सवर लावून झोपा. मोबाइलला पॉवर बँक जोडा, मीटरच्या पडद्यावर उजेड राहील असं बघा आणि शेजारी घड्याळ दिसू द्या. सकाळी काही मिनिटांत सगळी रात्र बघता येते. दोन वाजता आकडा ०.०३ वरून ०.४० वर जातो आणि तिथेच राहतो, हे दिसलं की अर्धं काम झालं. दर थोड्या वेळाने आकडा उसळून परत बसत असेल, तर काहीतरी गाडीला वारंवार उठवतंय. किल्ली, ट्रॅकर किंवा सैल दार-स्विच यांच्यावर संशय घ्या. डिकीतला दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हेही मोबाइल आत चालू ठेवून झाकण लावलं की कळतं.

नेहमीचे संशयित

बाहेरून बसवलेल्या वस्तू पहिल्या. बाजारात बसवलेल्या म्युझिक सिस्टीमला बहुधा पिवळी वायर कायम करंटची आणि लाल वायर किल्लीवरच्या करंटची असते. घाईत दोन्ही वायरी कायम करंटला जोडल्या, तर सिस्टीम कधीच पूर्ण बंद होत नाही. रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, तळाशी लावलेल्या रंगीत पट्ट्या आणि डॅशखालच्या सॉकेटला कायम लावून ठेवलेली डिव्हाइस यांचंही तसंच. शिर्डी-शिंगणापूर भाड्याने जाणाऱ्या गाड्यांत जीपीएस ट्रॅकर असतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या भाड्याच्या प्रवासी वाहनांना तो सक्तीचा आहे आणि किल्ली काढल्यावरही तो चालूच राहतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर हा करंट हिशोबात धरा, पण ट्रॅकर स्वतः तोडू नका.

दुसरे संशयित म्हणजे स्विच आणि लॅच. शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसली तरी चालतं, गाडीचं दार मात्र शेवटच्या टप्प्यापर्यंत लागलेलं हवं. अर्धवट लागलेल्या दाराने किंवा डिकीने आतला दिवा विझलेला दिसतो, पण कंट्रोल युनिट जागंच राहतं. दार आणि डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी रोजच्या उघडझापीने आतल्या आत तुटतात. किल्ली चालू करून ती नळी हळू हलवा. दिवा लुकलुकला किंवा लॉक आपोआप खटकलं, तर जागा सापडली.

तिसरा संशयित अर्थिंग. इंजिन आणि बॉडीला जोडणारी जाड पट्टी गंजली की गाडी कधी उठते, कधी नाही. मीटर डीसी व्होल्टवर घेऊन एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर पट्टी सोडवून घासून पुन्हा आवळा.

ऊस तुटला की उंदीर आले

नेवासा तालुक्यात भेंडे आणि सोनईच्या कारखान्यांचं गाळप सुरू झालं की शेतं मोकळी होतात आणि उसातले उंदीर वस्तीकडे सरकतात. कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्याच्या भिंतीला लागून उभी असलेली गाडी त्यांना उबदार आसरा वाटते. बॅटरीच्या ट्रेमध्ये, एअर फिल्टरच्या डब्यात, इंजिनवरच्या झाकणाखाली लेंड्या, चिंध्या, धान्याची टरफलं दिसतात का बघा. हात घालण्याआधी टॉर्च मारा, कारण उंदरामागे साप येतो.

कुरतडलेली वायर तुटेलच असं नाही. नुसतं आवरण गेलं, तर कोरड्या दिवशी सगळं नीट चालतं. पाटाच्या कडेला, उसाच्या शेजारी हिवाळ्यात भरपूर दव पडतं. ते उघड्या तांब्यावर बसलं की पहाटे करंट झिरपतो, आणि दहा वाजता ऊन लागून सुकलं की फॉल्ट पसार. दुपारी गॅरेजात काही न सापडण्याचं हे मोठं कारण आहे. वायरमनला सांगून संशयित जागी पाण्याचा बारीक फवारा मारून मोजा. मात्र फ्यूज बॉक्स आणि एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरांवर पाणी नको. वायर जोडायची तर डाग देऊन वर गरम करून आकसणारी स्लीव्ह बसवा. नुसती टेप उन्हात सुटते. बॉनेटखाली विषाच्या गोळ्या ठेवू नका, उंदीर आतच मरतो आणि वास महिनाभर जात नाही. गाडी गंजीपासून दूर, फरशीवर उभी करणं आणि दोन दिवसांतून एकदा हलवणं जास्त कामाला येतं.

हे करू नका

हंगामात उसाचा ट्रक हाताशी असतो, पण त्यावरून कारला जंप देऊ नका. ट्रकला दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात, कारला १२. एका चुकीत गाडीतली युनिट जळतात. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो, तो चालतो. मात्र त्याचं इंजिन बंद ठेवून जोडा आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूला लावा. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो.

पुन्हापुन्हा उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. फ्यूज उडतो म्हणजे तो वायरिंग वाचवतोय. जळका वास आला, तर काळी वायर सोडवा आणि गाडी कडब्यापासून लांब ढकला. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हातही लावू नका. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापून जोड देऊ नका. आणि विम्यावर विसंबू नका, नेहमीच्या मोटार पॉलिसीत निव्वळ इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो.

वायरमनला काय सांगायचं

‘भाऊ, गाडी कधीकधी बंद पडते’ असं सांगितलं की तो बिचारा अंदाजाने पार्ट बदलणार. त्याऐवजी वही पुढे करा: ‘भाऊ, रात्री नऊला खुंटीवर १२.६ होते, तीन दिवस उभी राहिल्यावर ११.७. तासभर थांबून मोजलं तर ०.३८ अँपिअर जातोय, आणि डाव्या बॉक्समधल्या अमुक फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसतात. दव असलं की जास्त.’ एवढ्याने त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे. घराच्या वायरिंगवाल्याचा साधा क्लॅम्प मीटर डीसी करंट दाखवत नाही, हेही लक्षात असू द्या. त्याच्याकडे डीसीचा, मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प असेल, तर वायर न सोडवताच सगळं मोजता येतं.

दुरुस्तीनंतर गाडी सुरू झाली म्हणून खूश होऊ नका. जंप दिल्यावरही ती सुरू होतच होती. ज्या परिस्थितीत फॉल्ट यायचा, त्याच परिस्थितीत दोन-तीन रात्री उभी ठेवून पुन्हा करंट मोजा. आकडा ०.०३ च्या आसपास स्थिर राहिला, तरच बिल द्या. मग तो आकडा तारखेसकट फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. धडधाकट असताना आपली गाडी झोपेत किती करंट घेते हे माहीत असलं, तर पुढच्या वेळी तासाभरातच कळतं की दोष बॅटरीत आहे की वायरिंगमध्ये.